परवाची गोळी

तुंगकांगच्या बंदराजवळच्या इस्पितळात दर बुधवारी सकाळी हृदयाच्या पेशंटांचा वर्ग भरायचा, आणि त्या वर्गाला लोक औषधांसाठी कमी आणि वेन-छीसाठी जास्त यायचे. रुआन वेन-छी म्हणजे कॅज्युअल्टीतली जुनी सिस्टर. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, आवाज बंदरावर माशांचा लिलाव पुकारणाऱ्यासारखा खणखणीत. छातीत कळ आली तर काय करायचं हे ती अशा झोकात सांगायची, की ऐकणाऱ्याला कळ येण्याची भीतीच वाटू नये.

"आधी बसायचं," ती म्हणायची. "उभ्याने जिभेखाली गोळी ठेवलीत तर रक्तदाब उतरेल, चक्कर येईल आणि डोकं फोडून घेऊन याल. मग मी तुमची छाती बघू का टाके घालू? गोळी गिळायची नाही, चावायची नाही, विरघळू द्यायची. डोकं ठणकेल. ठणकू दे. पाच मिनिटांत कळ ओसरली नाही तर फोन उचलायचा, शेजारणीला विचारत बसायचं नाही. आणि बाटली काळ्या काचेची दिलीय ती काही शोभेला नाही. नातवाने दिलेल्या छान डबीत गोळ्या काढून ठेवल्यात, की त्यांचा खडू झालाच म्हणून समजा."

पुढच्या रांगेत होंगकाका बसायचे. होंग छिंग-ची. मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळण्यात सगळा जन्म गेलेला, त्यामुळे कानाने थोडे कमी आणि बोलायला मोठ्याने. बायको वारली होती. एकुलती मुलगी यी-रू काओश्युंगला शाळेत शिकवायची. वर्गाला येताना काका परसातल्या झाडाचे लालबुंद जाम पिशवीभर आणायचे आणि वेन-छीच्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "सिस्टर, फी!"

वर्गाच्या शेवटी वेन-छीचा एक ठरलेला विनोद असायचा.

"आता बायकांनी कान झाका," ती म्हणायची. "हां, तर काकालोक. एक दुसरी गोळी असते. नाव मी घेत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती आणि ही जिभेखालची, दोघी सवती. एका घरात नांदत नाहीत. दोघी एकदम आल्या तर रक्तदाब विहिरीत पडतो. बायकोला खूश करायला जाल आणि थेट मात्सूदेवीच्या पायाशी जाऊन पडाल, तेसुद्धा पँटशिवाय!"

खोली हशाने दणाणून जायची. होंगकाका तर डोळे पुसायचे. त्या हशात तिचं पुढचं वाक्य, की त्या गोळ्यांतली एक जात दोन-दोन दिवस अंगात राहते, दर वेळी बुडून जायचं. ती ते पुन्हा म्हणायची नाही. लोक हसत हसत उठले की वर्ग चांगला झाला, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचे दिवस आले तेव्हा यी-रू सुट्टी घेऊन वडिलांकडे आली होती. सकाळी ती घरी पूजेची फळं धूत होती आणि होंगकाका नेहमीप्रमाणे बंदराच्या बागेत नाचायला गेले होते. बागेत साठीपुढची मंडळी सकाळी जोड्या करून नाचायची. कुणी जुनी गाणी लावायचं, कुणी सोयाबीनचं गरम दूध आणायचं. होंगकाकांच्या जोडीला गेलं वर्षभर एकच बाई असायची. फान श्यु-लान. मंदिरामागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान होतं. तीही एकटीच. बागेतल्या सगळ्यांना काय ते कळलं होतं. यी-रूला मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि काकांनाही सांगायला तोंड फुटत नव्हतं. मुलगी फोनवर आईच्या आठवणी काढायची. तिला काय सांगणार?

त्या दिवशी दुसऱ्याच गाण्याला काका थांबले. छातीवर हात ठेवून कट्ट्यावर टेकले. खिशातून काळी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि श्यु-लानने त्यांचा हात धरला.

"थांबा. ही नाही घ्यायची."

"अगं, कळ येतेय."

"परवा ती दुसरी घेतली होती ना तुम्ही? तुमची सिस्टर म्हणते ना, दोन्ही एकत्र नाही. दवाखान्यात जाऊ. त्यांना विचारून मग घ्या."

"परवाची गोळी आजवर राहते होय? ती कधीच उतरली असेल."

"असेल. पण विचारून घ्या."

तिने बाटली आपल्या पर्समध्ये टाकली, टॅक्सी थांबवली आणि वाटेत काकांच्या फोनवरून यी-रूला कळवलं. घर इस्पितळाच्या मागेच असल्यामुळे टॅक्सी पोचली तेव्हा यी-रू दारात स्कूटर लावत होती.

वेन-छीने काकांना पलंगावर घेतलं, पडदा ओढला. रक्तदाब घेतला, छातीवर तारा लावल्या. काकांचा चेहरा राखाडी झाला होता, तरी त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"सिस्टर, आज फी आणली नाही."

"गप्प पडा. बाटली कुठाय तुमची? घेतली का गोळी?"

"नाही. म्हणजे... राहूनच गेली धावपळीत."

ही गोष्ट वेन-छीला खटकायला हवी होती. वर्गातला सगळ्यांत मन लावून ऐकणारा माणूस, कळ आल्यावर हातातली गोळी न घेता टॅक्सीत बसतो? पण शेजारच्या पलंगावर पाय मोडलेला एक खलाशी ओरडत होता, सणामुळे दोन नर्सा रजेवर होत्या, आणि ते खटकणं आलं तसं गेलं.

पडद्याच्या फटीतून श्यु-लान आत आली. नाचाचे चंदेरी सँडल पायात, कपाळ घामाने भिजलेलं.

"सिस्टर, मला जरा तुमच्याशी..."

यी-रू वडिलांचे बूट हातात घेऊन उभी होती. तिने वळून बघितलं. "बाबा, ह्या कोण?"

होंगकाका छताकडे बघत म्हणाले, "बागेतल्या ओळखीच्या आहेत. त्यांनी आणलं मला."

"थँक्यू हं," यी-रू म्हणाली. त्यात आभार होते, आणि आता तुम्ही निघा, हेही होतं.

वेन-छीने हातातला रक्तदाबाचा पट्टा न सोडता मान वर केली. "मावशी, नातेवाईक नसाल तर बाहेर थांबा. इथे आधीच पाय ठेवायला जागा नाही."

"एकच मिनिट, सिस्टर, त्यांच्या औषधाचं..."

"त्यांना विचारते ना मी. बाहेर, प्लीज."

श्यु-लान यी-रूच्या चेहऱ्याकडे बघत क्षणभर घुटमळली आणि बाहेर गेली.

जिभेखालची गोळी देण्याआधी पुरुष पेशंटला एक प्रश्न विचारायचाच असतो, आणि तो प्रश्न वेन-छीने नव्या नर्सांना पाठ करायला लावला होता. गेल्या दोन दिवसांत पुरुषी ताकदीची कुठली गोळी घेतली आहे का? असाच विचारायचा, शब्द न बदलता, न लाजता. पण समोर यी-रू उभी होती. गळ्याशी बटण लावलेला शर्ट, डोळ्यांत पाणी, हातात बापाचे बूट. आणि पलंगावर विधुर म्हातारा. लेकीच्या देखत ह्या माणसाला असलं काय विचारायचं, असं वेन-छीच्या मनात आलं. तिने आवाज खाली घेतला.

"काका, आज सकाळपासून दुसरं काही घेतलंय का? म्हणजे... मी वर्गात सांगते ना, ते?"

काकांची नजर मुलीकडे गेली, पुन्हा छताकडे गेली.

"नाही गं. आज काही नाही."

तो 'आज' वेन-छीच्या कानाला टोचला. तिने तो ऐकला, हे ती पुढे स्वतःपाशी कधीच नाकारू शकली नाही. पण त्याच वेळी डॉक्टर त्साओंनी पडद्यातून डोकं घातलं.

"विचारलंत?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"द्या मग जिभेखाली."

तिने गोळी दिली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग काका म्हणाले, "सिस्टर, दिवे गेले का?" आणि त्यांचं डोकं एका बाजूला कललं. अंगाला दरदरून घाम फुटला. यंत्रावरचा वरचा आकडा घसरला, आणखी घसरला, आणि मग यंत्राला आकडाच दाखवता येईना. वेन-छीने पलंगाचं डोकं सपाट केलं, पाय उचलून उशांवर ठेवले, सलाईन पूर्ण सोडलं. तिचे हात आपले आपण चालत होते. डॉक्टर ओरडत होते, "एका गोळीने एवढं? काय घेतलंय ह्यांनी? काय घेतलंय?" यी-रू "बाबा, बाबा" करत होती.

पडदा खाडकन बाजूला झाला.

"परवा!" श्यु-लान ओरडली. "परवा संध्याकाळी घेतली होती त्यांनी! पिवळी, बदामाच्या आकाराची! मी सांगायलाच आले होते!"

सगळी कॅज्युअल्टी वळून बघू लागली. पाय मोडलेला खलाशीसुद्धा.

"पिवळी म्हणजे दोन दिवस टिकणारी," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच, "बास, नायट्रेट बंद, जिभेखालची गोळी नाही, छातीवर पट्टी नाही, काही नाही. दाब वाढवायचं इंजेक्शन भरा."

यी-रू श्यु-लानकडे बघत होती. हातातले बूट केव्हा खाली पडले ते तिला कळलंही नाही.

काका वाचले. पण रक्तदाब बराच वेळ खाली राहिल्यामुळे, आधीच अरुंद झालेल्या नळीतून हृदयाला रक्त पोचलं नाही. जी नुसती कळ होती तिचा झटका झाला. त्यांना काओश्युंगच्या मोठ्या इस्पितळात नेऊन नळीत स्टेंट बसवला आणि काही दिवसांनी परत इथल्या वॉर्डात आणलं. हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला होता. चालताना धाप लागेल, नाचायचं तर नावच नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इस्पितळात वेन-छीला कुणी बोल लावला नाही. उलट हेड सिस्टर ल्यूने तिच्या पाठीवर थाप मारली.

"तू विचारलं होतंस. पेशंट खोटं बोलला, त्याला तू काय करणार? आपण काय पोलीस आहोत?"

कँटीनमध्ये तर ही गोष्ट विनोदाचा विषय झाली. माशांच्या गोळ्यांचं सूप पिता पिता कुणीतरी म्हणायचं, "होंगकाकांची पिवळी गोळी!" आणि टेबल हसायचं. "म्हातारा बागेत नाचतो म्हणे." "नाच कुठला, रिहर्सल!" वेन-छीला पुढे करून लोक म्हणायचे, "अगं, तुझ्या वर्गात आता हीच गोष्ट सांग. पँटशिवाय मात्सूच्या पायाशी!"

वेन-छी चमचा वाटीत फिरवत राहायची. विचारलं होतं, हे खरं होतं. आणि काय विचारलं होतं हे फक्त तिला ठाऊक होतं. ज्या नर्सांना ती शिकवायची त्यांच्यापैकी कुणी असं विचारलं असतं, तर तिने तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं. घरी जेवण समोर आलं की तिला काकांचं ते "दिवे गेले का" आठवायचं. नवऱ्याने विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, डोकं दुखतंय. नवरा म्हणाला, मग गोळी घे. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

एक दिवस दुपारी धीर करून ती वॉर्डात गेली. काका उशीला टेकून बसले होते. बरेच वाळले होते. तिला बघून त्यांनी उठायची धडपड केली.

"बसा, बसा, काका."

"सिस्टर, मला तुम्हाला भेटायचंच होतं." त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "मी खोटं बोललो. तुम्ही एवढं जिवाच्या आकांताने शिकवता, आणि मी तोंडावर खोटं बोललो. तुमच्या नोकरीवर आलं असतं. यी-रू रोज म्हणते, बाबा, तुम्ही असं कसं केलंत. मला माफ करा."

त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या मान वाकवली. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि तिच्यापुढे मान वाकवून बसला होता.

"काका, तसं नाही ते..." वेन-छी म्हणाली.

तेवढ्यात यी-रू पेजेचा डबा घेऊन आत आली. वडिलांना वाकलेलं बघून तिने ओठ आवळले आणि वेन-छीला म्हणाली, "माफी मागितली ना त्यांनी? मीच सांगितलं होतं मागायला. तुम्हाला उगीच त्रास झाला, सिस्टर."

सांगायचं असतं तर तो क्षण होता. वेन-छीच्या ओठांवर आलंही होतं. पण ती म्हणाली, "छे, छे. काका बरे झाले म्हणजे झालं." आणि बाहेर पडली. जिन्याशी आल्यावर तिला कळलं की पहिली चूक घाईत झाली होती, ही तिने डोळे उघडे ठेवून केली होती.

ती तशीच मंदिरामागच्या गल्लीत गेली. श्यु-लान मशीनवर कुणाचातरी झगा आखूड करत होती. वेन-छीला तिने ओळखलं, पण पाय थांबवला नाही. मशीन चालतच राहिलं.

"मावशी, मी त्या दिवशीची..."

"माहीत आहे. काय शिवायचंय?"

"काही नाही. कशा आहात?"

"कशी असणार? त्यांच्या मुलीने भेटायला येऊ नका म्हणून सांगितलंय. बागेत गेले होते एकदा. बायका म्हणतात, एकाला खाल्लंन्, आता कोणाला खाणार? परत गेले नाही." तिने धागा दाताने तोडला. "ती गोळी मी दिली नव्हती, सिस्टर. बाजारातल्या कुठल्या मित्राकडून आणली होती त्यांनी. मी म्हटलंसुद्धा होतं, कशाला हे सगळं, मला काय त्याचं? नुसते बसून चहा प्यायलात तरी चालतं. पण पुरुषाला ते पटतं होय?"

वेन-छी स्टुलावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. कसं विचारायला हवं होतं, आणि कसं विचारलं. तो 'आज' कानाला कसा टोचला. आणि तुम्हाला बाहेर थांबा म्हटलं नसतं तर... इथे तिचा आवाज फुटला.

श्यु-लानने मशीन थांबवलं होतं. तिने झगा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "त्यांच्या हातातून गोळी काढून घेतली होती मी. बागेत. तोंडापर्यंत गेली होती. म्हटलं, सिस्टरला विचारू. आणि तुम्ही तीच गोळी दिलीत."

वेन-छीला हे ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर हात धरला.

"रडू नका माझ्या दुकानात," श्यु-लान म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्याला धार होती. "मीपण पडद्याबाहेर गप्प उभी राहिले की नाही? एकदा ओरडले असते तर झालं असतं. पण ती पोर माझ्याकडे बघत होती ना, मला लाज वाटली. तुम्हालाही लाज वाटली, त्यांनाही वाटली. आणि मेला असता तो माणूस! आता हे मला कशाला सांगायला आलात? मी म्हणेन, जाऊ द्या, आणि तुम्ही हलक्या होऊन घरी जाल? माझ्याकडून तुम्हाला माफी नको आहे. जिला सांगायला हवं तिला सांगा. तो माणूस तिकडे खोटारडा होऊन बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेन-छी आधी हेड सिस्टरच्या खोलीत गेली. ल्यूने ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"कुणाला काही कळलेलं नाही. तू तुझ्या हाताने फास का घेतेयस?"

"मला कळलंय ना."

"नोकरी जाईल, वेन-छी."

"बघू."

तिथून ती वॉर्डात गेली. यी-रू वडिलांची नखं कापत होती. वेन-छी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि उभ्यानेच, आडपडदा न ठेवता बोलली. ते तिने वाटेत मनात घोकलं होतं. तरी मधे दोनदा थांबावं लागलं. "प्रश्न चुकीचा होता. तुमच्यासमोर विचारायला मला संकोच वाटला, म्हणून मी तो बदलला. काका जे बोलले ते, मी जे विचारलं त्याचं खरं उत्तर होतं. आणि ज्यांनी काकांना आणलं त्या मावशी सांगायला आल्या होत्या, त्यांना मी बाहेर काढलं."

यी-रूच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं.

"म्हणजे मी इतके दिवस ह्यांना खोटारडे म्हणतेय," ती हळू म्हणाली, आणि मग तिचा आवाज वाढत गेला. "रोज म्हणतेय! आणि तुम्ही काल इथे उभ्या होतात! काल! ते तुमच्यापुढे वाकले होते आणि तुम्ही म्हणालात, बरे झाले म्हणजे झालं!"

"हो," वेन-छी म्हणाली.

"मी तक्रार करणार."

"करा. मी हेड सिस्टरना सांगूनच आलेय."

होंगकाका दोघींकडे आळीपाळीने बघत होते. ऐकायला कमी येत असल्यामुळे त्यांना सगळं पोचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही 'आज' म्हणाल्या होतात? मला वाटत होतं, तो शब्द मीच मनाने घातला, खोटं झाकायला."

"मी म्हणाले होते, काका."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यांनी चादरीच्या टोकाने ते टिपले. मग म्हणाले, "पण सिस्टर, तुम्हाला काय विचारायचंय ते मला कळलं होतं. मी त्या 'आज'च्या आडोशाला लपलो. तेवढं माझंही मोजा."

यी-रूने त्यांच्याकडे बघितलं आणि ती एकदम रडायला लागली. "बाबा, मी आहे म्हणून तुम्हाला बोलता नाही आलं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू आईचा फोटो पुसत होतीस सकाळी," काका म्हणाले.

यी-रूने तक्रार केली. चौकशी झाली. वेन-छीची नोकरी गेली नाही, पण तिला कॅज्युअल्टीतून काढून म्हाताऱ्यांच्या वॉर्डात पाठवलं, आणि वर्ग बंद झाला. कँटीनमधल्या लोकांनी तो विनोद सोडला. त्याऐवजी ती आली की बोलणं तोडू लागले. हेड सिस्टर ल्यू काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. नव्या नर्सांपैकी एकीने तिला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, तुमच्यासारख्यांकडून असं होतं, तर आमचं काय?" वेन-छी जिना उतरून आपल्या वॉर्डात गेली.

नव्या वॉर्डात ती एक गोष्ट मात्र करू लागली. पेशंट आला की आधी बरोबरच्यांना चहा प्यायला पाठवायची, मग पडदा ओढून, खुर्ची जवळ घेऊन, काय काय घेता ते विचारायची. सगळं. वाण्याकडची मुळं, शेजारणीने दिलेली पुडी, मित्राने दिलेली गोळी, दोन दिवसांपूर्वीची, तीन दिवसांपूर्वीची. आणि कुणी पडद्याबाहेर घुटमळताना दिसलं, तर त्यालाही बोलावून ऐकायची. यामुळे आपलं ओझं कमी होतं असं तिला वाटलं नाही. एखाद्या दिवशी ती ते ओझं विसरायची, आणि मग एखादा म्हातारा पायऱ्यांवर धापा टाकत थांबलेला दिसला की हातातलं काम टाकून त्याच्यापाशी जायची.

यी-रू वडिलांना आपल्याकडे काओश्युंगला घेऊन गेली. तिथून काही बातमी येत नव्हती आणि विचारायचा वेन-छीला हक्क नव्हता. मंदिरामागचं दुकान मात्र आठवड्यातून एखादा दिवस बंद दिसायचं.

हिवाळ्यात एका रविवारी वेन-छी घरी कपडे वाळत घालत होती, तेव्हा फोन वाजला.

"मी होंग यी-रू." आवाज कोरडा होता. "बाबांची नाडी मंद लागतेय. डॉक्टर सुट्टीवर आहेत, तिथे कुणी फोन उचलत नाही. सकाळची हृदयाची गोळी द्यायची वेळ झालीय. ती पांढरी, अर्धी. देऊ का नको?"

वेन-छीने हातातला ओला शर्ट तसाच खांद्यावर टाकला. "ती नाडी आणखी मंद करते. आधी मला नीट सांगा. चक्कर आहे? छातीत दुखतंय? धाप नेहमीपेक्षा जास्त?"

"चक्कर नाही. दुखत नाही. झोपाळू वाटतायत."

"काल आणि परवा गोळी किती दिली? चुकून दोनदा तर नाही? आणि ह्या दोन-तीन दिवसांत दुसरं काहीही घेतलंय का, कुठलंही, कुणीही दिलेलं? डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा सांगा."

पलीकडे बाटल्यांची खुडबुड झाली.

"थेंब आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवापासून दिलेत. डोळ्यातला दाब कमी करायचे."

"नाव वाचा." यी-रूने वाचलं. "त्या थेंबांनीही नाडी मंद होते. दोन्ही मिळून झालं असेल. आत्ताची गोळी देऊ नका, थेंबही घालू नका, पण स्वतःच्या मनाने कायमची बंदही करू नका. ती एकदम सुटली की कळ उलटून येते. लगेच कॅज्युअल्टीत घेऊन जा आणि हे सगळं तिथे सांगा, थेंबांची बाटली दाखवा. आधी नाडी पुन्हा मोजा. पूर्ण मिनिटभर, घड्याळ लावून."

"थांबा," यी-रू म्हणाली. मग फोन तोंडापासून दूर नेऊन तिने हाक मारली, "श्यु-लान मावशी, परत एकदा मोजता का? ह्या म्हणतायत मिनिटभर मोजा."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वेन-छी ओला शर्ट खांद्यावर घेऊन, पलीकडचा आकडा येण्याची वाट बघत उभी राहिली.